नॉब फिरवला की चुंबक जातो कुठे?

प्रश्न : मी आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या डायल स्टँडचा (मोजमापाचा डायल धरून ठेवणाऱ्या चुंबकी स्टँडचा) नॉब फिरवला की बेस लेथच्या बेडला असा बसतो की दोन्ही हातांनी ओढला तरी सुटत नाही. उलटा फिरवला की अलगद उचलता येतो. वायर नाही, सेल नाही. मग चुंबक बंद होतो म्हणजे नेमकं काय होतं? रोज चालू-बंद करून त्याचा जोर कमी होतो का? माझ्या काकांचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. ते प्लेटा उचलायला असाच खटक्याचा मॅग्नेट घेणार आहेत. त्यांनी काय पाहावं?
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : चुंबक बंद होतच नाही. नॉब कुठल्याही बाजूला असला तरी आतला चुंबक तेवढाच जोरदार असतो. बदलते ती त्याच्या चुंबकीय रेषांची वाट.

मी टूलरूममध्ये 34 वर्षं काढली. उमेदवारीच्या दिवसांत मोडीत निघालेला एक बेस मी खोलून पाहिला होता. लोखंडाचे दोन अर्धे ठोकळे, त्यांच्यामध्ये पितळेची उभी पट्टी आणि मधोमध आरपार भोक. भोकात काळसर फेराइटचा दंडगोल, नॉबला जोडलेला. हाच चुंबक. या दंडगोलाचे ध्रुव टोकांना नसतात. त्याची एक कूस उत्तर ध्रुव असते आणि समोरची कूस दक्षिण.

उत्तर ध्रुव डाव्या ठोकळ्याकडे आणि दक्षिण उजव्याकडे आला की डावा ठोकळा सगळाच उत्तर होतो, उजवा सगळाच दक्षिण. मधल्या पितळेतून रेषांना सहज जाता येत नाही. म्हणून एका ठोकळ्यातून दुसऱ्यात जाताना त्या खालच्या बेडमधून जातात आणि बेस घट्ट बसतो. नॉब 90 अंश फिरवला की ध्रुव पितळेच्या पट्टीसमोर, वर आणि खाली येतात. आता प्रत्येक ठोकळ्याला अर्धा उत्तर आणि अर्धा दक्षिण ध्रुव टेकलेला असतो. रेषा ठोकळ्यातल्या ठोकळ्यात वळून परत येतात, खाली उतरतच नाहीत.

शाळेतली पट्टीचुंबकांची पेटी आठवा. दोन चुंबक, विरुद्ध ध्रुव शेजारी शेजारी आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे. ते तुकडे न काढता चुंबक टाचण्यांजवळ नेऊन पाहा. टाचण्या जेमतेम हलतात. तुमचा बेस बंद असतो तेव्हा आत हेच चाललेलं असतं.

एक गोष्ट हातानं अनुभवा. बेस हवेत धरून नॉब चालू बाजूला फिरवा, नॉब जड लागेल. तोच बेस बेडवर ठेवून फिरवा, हलका लागेल. लोखंडाची वाट समोर असेल तर रेषा आनंदानं तिकडे वळतात. नसेल तर त्यांना हवेत ढकलायचे कष्ट तुमच्या मनगटाला पडतात. मोठ्या लिफ्टिंग मॅग्नेटचा दांडा तर हवेत इतक्या जोरात उलटा येतो की हाताला मार बसतो. म्हणून तो प्लेटवर टेकवल्याशिवाय कधी फिरवू नये.

नुसतं चालू-बंद करून चुंबक झिजत नाही. त्याचा खरा शत्रू उष्णता. हल्लीचे जोरदार मॅग्नेट निओडिमियमचे असतात आणि त्यांच्या साध्या प्रती 80 अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचा जोर गमावू लागतात. गॅसकटिंग करून आलेली प्लेट गार होऊ द्या, मगच मॅग्नेट लावा.

सरफेस ग्राइंडर म्हणजे फिरत्या चाकानं जॉबचा (कामाच्या तुकड्याचा) पृष्ठभाग घासणारं मशीन. त्यावर जॉब धरणारा मॅग्नेटिक चकही याच जातीचा, फक्त तिथं दांडा फिरवल्यावर आतल्या चुंबकांची जाळी थोडी सरकते. त्यावर छोटा जॉब ठेवताना तो पितळेच्या रेघेवर आडवा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या झाकल्या जातील. एकाच पट्टीवर ठेवलेला जॉब चाक टेकताच गोळीसारखा उडतो. छोट्या जॉबला चारी बाजूंनी आधाराच्या पट्ट्या लावल्याशिवाय मी कुठल्याही पोराला चाक खाली घेऊ दिलं नाही.

आता काकांचा मॅग्नेट. इथं माझा जीव अडकतो. एका शॉपमध्ये माझ्या डोळ्यांदेखत प्लेट सुटली. माणसं बाजूला होती म्हणून वाचली. नंतर उलटी करून पाहिली, तर मॅग्नेट टेकला होता तिथं वेल्डिंगचा एक थेंब उडून चिकटलेला. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा. तेवढ्या फटीनं पकड गेली. रंग, गंज, स्केल (तापलेल्या पोलादावर धरणारी पापडी), ओला कचरा, सगळं फटच करतं. उचलायच्या आधी जागा तारेच्या ब्रशनं घासायची आणि हात फिरवून पाहायची.

मॅग्नेटवर 1000 किलो लिहिलेलं असेल, तर चांगल्या बनावटीचा तो सुमारे 3000 किलोला सुटतो. पण हा हिशेब जाड, सपाट, स्वच्छ, साध्या पोलादाचा आहे. पातळ पत्र्यात रेषांना मावायला जागाच नसते. लोखंडात एका मर्यादेपलीकडे त्या भरत नाहीत, उरलेल्या बाहेर फाकतात. शिवाय लांब पत्रा दोन्ही टोकांनी लवतो आणि कडेपासून साल निघावी तसा सुटत जातो. म्हणून वजनाच्या आकड्यापेक्षा जाडीप्रमाणे किती भार, हा तक्ता विक्रेत्याकडून आधी मागून घ्या. 304 ग्रेडचं स्टेनलेस तर अजिबात धरलं जाणार नाही. गठ्ठ्यावरून उचलताना खालचा पत्राही चिकटून वर येतो आणि मध्येच पडतो. एकच आला आहे ना, हे कडेनं वाकून पाहावं.

विजेचा मॅग्नेट घ्यावा का, असंही काका विचारतील. साध्या विजेच्या मॅग्नेटचा माल लाइट गेली की खाली येतो, बॅटरीचा आधार नसेल तर. दोन्हींचा मेळ घातलेली एक जात आहे. तिच्यात निओडिमियमच्या जोडीला कॉइल गुंडाळलेला अल्निको, म्हणजे दुसऱ्या एका मिश्रधातूचा चुंबक असतो. क्षणभर करंट दिला की अल्निकोचे ध्रुव उलटतात, निओडिमियमचे नाही. दोघं एका दिशेला असले की पकड, विरुद्ध असले की सुटका. मधल्या वेळात वीज लागत नाही. इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर डाय धरायला ही जात वापरतात. काकांच्या शॉपला मात्र दांड्याचा साधा मॅग्नेट पुरेल.

पहिल्या दिवशी रोजच्या कामातली सगळ्यात जड प्लेट घ्या. मॅग्नेट मधोमध लावा, दांड्याचा खटका बसल्याची खात्री करा, वीतभरच उचला आणि दोन मिनिटं तशीच ठेवा. खाली कुणाचा पाय नको.