जुना अ‍ॅकूस्टिमास घेताय? आधी डबा ऐका

बोसचा जुना अ‍ॅकूस्टिमास ५ (छोटे क्यूब स्पीकर आणि बेसचा वेगळा डबा असा सेट) मिळतोय, विक्रेता म्हणतो "अँप नाहीये, पण सेट एकदम वर्किंग", तर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. अँप (अ‍ॅम्प्लिफायर) नाही म्हणजे तो वाजवून दाखवणार नाही. तेव्हा स्वतःचा अँप घेऊन जा. न ऐकता अजिबात घेऊ नका.

१९८७ साली आलेल्या या सेटचं कौतुक सगळे त्या चिमुकल्या क्यूबसाठी करतात. पैसे मात्र बेसच्या डब्याकडे बघून द्यावेत. अँपच्या वायरी आधी डब्यात जातात आणि तिथल्या क्रॉसओव्हरमधून (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) क्यूबला. क्यूब थेट अँपला जोडून "बघा, चालतात" असं कुणी दाखवायला लागला तर थांबवा, तेवढ्यात ते जळू शकतात. डब्याला विजेची पिन नाही, म्हणजे अमेरिकेतून आलेला असला तरी ११० व्होल्टची भानगड नाही. नंतरच्या पॉवर्ड मॉडेलना ती असते, तिथे मागचं लेबल वाचा.

डब्यातले वूफर, म्हणजे बेसचे स्पीकर, आत दडलेले असतात. बोटाने दाबून त्यांच्या पडद्याभोवतीची कडा तपासायची सोय नाही, आणि वयानं फोमची कडा विरलेली असली तरी बाहेरून डबा नवाकोरा दिसतो. म्हणून फोनवर टोन जनरेटर (हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं अ‍ॅप) घ्या, फोन अँपला जोडा, अगदी हळू आवाजात ४० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढवत न्या. फरफर, खरखर किंवा मध्येच आवाज गायब, की समजा काम निघालं. मग आवाज थोडा वाढवून पुन्हा तेच. क्यूबला मल्टिमीटर लावून ओहममध्ये रेझिस्टन्स बघा. सगळ्यांचं रीडिंग साधारण सारखं हवं.

यानंतर एखादा पुरुष गायक लावा, शास्त्रीय असेल तर उत्तम. क्यूब इतके छोटे की साधारण २०० हर्ट्झच्या खालचं सगळं डब्यावर पडतं, आणि खर्जातला आवाज त्याच पट्ट्यात येतो. डबा सोफ्यामागे ठेवलात तर बुवा अर्धे समोरून आणि अर्धे पाठीमागून गातात! कंपनीच्या जाहिराती काहीही म्हणोत, डबा क्यूबच्या जवळ, समोरच्याच भिंतीला ठेवा. तबल्याचा डग्गाही ऐका. घुमारा एकाच सुरावर अडकत असेल तर तो या डब्याचा स्वभाव आहे, दुरुस्तीने जायचा नाही.

एव्ही रिसीव्हरला (टीव्ही-होम थिएटरचा अँप) जोडणार असाल तर सबवूफर आउटपुटला नाही, फ्रंट स्पीकरच्या टर्मिनलला जोडा. मेनूत फ्रंट 'लार्ज' आणि सबवूफर 'नो'.

एखादा क्यूब बंद असेल तर फार घाबरू नका, सुटे जुने क्यूब बाजारात फिरत असतात. डबा फरफरला तर मात्र वूफर काढून नवी कडा लावणारा कारागीर आधी शोधा, त्याची मजुरी विचारा आणि ती वजा करूनच भाव सांगा. घरात जागा असेल आणि मुख्यतः गाणीच ऐकायची असतील, तर त्याच पैशांत मी एक बरी बुकशेल्फ जोडी घेईन.