आधी गच्चीवर जा

अनेक आशीर्वाद.

मुंबईतल्या दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींचे तू पाठवलेले फोटो पाहिले. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. जिन्यांच्या जाळ्या, गोल वळणाच्या गॅलऱ्या, खिडक्यांवरचे छज्जे, प्रवेशदारावर उठावदार अक्षरांत इमारतीचं नाव. नजर चांगली आहे तुझी. पण एकही फोटो गच्चीचा नाही, म्हणून हे पत्र.

१९३०-४० च्या आर्ट डेको इमारती, म्हणजे तू टिपलेल्या या गोल वळणांच्या शैलीतल्या, बहुतेक आरसीसीच्या, म्हणजे आत लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटच्या. फोर्टातली दगडी इमारत दुर्लक्ष बरंच सोसते, आरसीसीच्या इमारतीला ते सोसत नाही. समुद्राची खारी हवा आणि मुरलेलं पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. छज्जा सगळ्यांत पातळ, त्यामुळे आधी तोच सुटतो. मग ठेकेदार 'उगाच डोक्यात पडेल' म्हणून तो छाटून टाकतो, आणि जे बघायला तू गेलीस तेच जातं. गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर, म्हणजे गच्चीवरच्या सिमेंटच्या थरावर, नवा कोबा चढवतात. गळती दोन पावसाळे थांबते, वजन मात्र कायमचं बसतं. पावसाच्या पाइपाच्या सांध्यात पिंपळ असतोच. तो वरून कापला की पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतो, मूळच काढावं लागतं. म्हणून भर पावसात गच्चीवर उभी राहा, पाणी कुठे साचतं ते बघ. कॅमेरा नंतर.

आता पैशाचं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. शंभर-दोनशे रुपयांवर चार टक्के म्हणजे किती, तूच हिशेब कर. मालक दुरुस्ती करत नाही, कारण त्याला परवडत नाही. पागडीचा, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यात राहणारा, भाडेकरू करत नाही, कारण घर त्याचं नाही. सेस बिल्डिंग, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत, असेल तर म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, दुरुस्ती मंडळाकडे बोट दाखवून दोघेही मोकळे. यात खलनायक शोधत बसू नकोस.

२०१२ साली वारसा यादीच्या प्रस्तावात शिवाजी पार्कचं नाव आलं, तेव्हा पुनर्विकास अडेल म्हणून विरोधाला रहिवासीच उभे राहिले. आपल्या वारसा-जतनाच्या व्यवसायातल्या काही मंडळींनी तेव्हा नाकं मुरडली. मला ते पटलं नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून चढणाऱ्या आजींना 'तुमचा जिना फार सुंदर आहे' एवढंच सांगायला गेलीस, तर त्या चहाही विचारणार नाहीत, आणि बरोबरच आहे.

३० जून २०१८ ला युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारशात घेतला. ९४ इमारती, ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि मरीन ड्राइव्हच्या पट्ट्यातल्या. दादर-माटुंगा त्याबाहेर. तिथे बिल्डरची फाइल आपल्यापेक्षा वेगाने पळते.

'इंग्रजांचा वारसा कशाला जपायचा?' असं कुणी विचारेलच. त्याला वास्तुविशारद गजानन बाबुराव म्हात्रेंचं नाव सांग. मरीन ड्राइव्हवरची १९३७ ची सूना महल त्यांची. इंग्रजांनी प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि दादर-माटुंग्याचे भूखंड आखले, हे खरंच. पण त्यांवरची घरं बांधून घेणारे, राहणारे आणि पुष्कळदा त्यांचे नकाशे काढणारेही आपलेच लोक होते. ब्लॉकमध्येच संडास-बाथरूम ही चाळीतून आलेल्या माणसाला केवढी चैन वाटली असेल!

कामाची एक गोष्ट. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागून घे आणि तो वाचायला शीक. 'सी-१', म्हणजे अतिधोकादायक, हा शेरा एकदा पडला की वारशाची चर्चा संपते. म्हणून बघ, कोअर, म्हणजे तपासायला कापलेले काँक्रीटचे नमुने, कुठून काढले? फक्त संडासाच्या ओल्या पट्ट्यातूनच? दोन अहवाल जुळत नसतील तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाता येतं, हे रहिवाशांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. तू सांग.

आणि जिथे पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्यात, तिथे भांडत बसू नकोस. मालकाच्या ट्रंकेतले मूळ नकाशे स्कॅन कर, जिन्याच्या जाळीचं माप घे, दारावरच्या अक्षरांचा ठसा काढ. पाडकाम सुरू झालं की भंगारवाला ती जाळी किलोने नेतो.

रविवारी यायचं म्हणतेस, तर चपला नकोत, बूट घाल. टॉर्च आण. पाण्याच्या टाकीखालची जागा दाखवतो.

कळावे.