बर्लिनला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याने भाजी आठवडी बाजारातून घ्यावी की सुपरमार्केटमधून? स्वस्त काय पडते?

बाजारातूनच घ्यावी, आणि शक्यतो मायबाखउफरच्या तुर्की बाजारातून. नॉयकोल्न भागात, लांडवेअर कालव्याच्या काठाने हा बाजार दर मंगळवारी आणि शुक्रवारी साधारण ११ ते ६.३० या वेळात भरतो. त्यासाठी यू ८ या भुयारी रेल्वेने शोनलाइनश्ट्रासे स्थानकावर उतरावे. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी कामगार भरतीचा करार केला, त्यानंतर आलेली अनेक कुटुंबे या परिसरात स्थिरावली आणि त्यांच्या स्वयंपाकाची भाजी इथे विकली जाऊ लागली. कोवळी भेंडी, लहान वांगी, लांब हिरव्या मिरच्या, पुदिना, शेपू आणि कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या इथे मिळतात. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीतल्या चार काड्या.

माझे मोठे दीर माझ्या आधीपासून याच देशात राहतात. गोठवलेली भेंडी आणि पाकीटबंद पालक मिळत असताना शिकल्यासवरलेल्या माणसांनी पिशव्या घेऊन रस्त्यावर भाव करत फिरणे शोभत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. सांगलीहून माझी आई आली होती तेव्हा तिच्यासमोरही भावजी हेच बोलले, आणि ते मला फार लागले, कारण आठवड्याचा बाजार करूनच आईने आमचे घर चालवले होते.

पुढच्याच शुक्रवारी मी तिला मायबाखउफरला घेऊन गेले. एका ढिगापाशी ती थबकली. लालसर गुळगुळीत देठ आणि जाडसर, पाणीदार पाने असलेली ती आमच्याकडची घोळाची भाजी होती. पावसाळ्यात शेताच्या बांधावर आपोआप उगवणारी आणि हल्ली गावच्या बाजारातही क्वचितच दिसणारी. जर्मन विक्रेत्यांकडे मालाला हात लावलेला सहसा खपत नाही, म्हणून मी आईला अडवत होते. तेवढ्यात त्या तुर्की बाईंनी स्वतःच एक काडी मोडून तिच्या हातात दिली. आईने नखाने देठ तोडून पाहिला आणि कोवळा आहे अशी मान डोलावली. ही भाजी दह्यात लसूण घालून कच्ची खायची, हे बाईंनी खुणांनी सांगितले, तर शिजवून खायची, हे आईने. भाषेतला एकही शब्द समान नसताना दोघी बराच वेळ बोलत होत्या. संध्याकाळी आईने ती मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन केली. भावजींनी दोनदा वाढून घेतली. मत मात्र बदलले नाही.

म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगते, बाजारात जाण्यात कसलाही कमीपणा मानू नका. बाजार उठण्याच्या सुमारास भाव उतरतात आणि उरलेला माल पेटीनेही देतात, तो दोघातिघांनी वाटून घ्यावा. मात्र त्या मालात तळाशी नासके निघते, त्यामुळे तो त्याच रात्री निवडावा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. घोळ उन्हाळ्यातच मिळतो. 'सेमिझओतू' या तुर्की नावाने मागा. तूरडाळ, हिंग आणि ज्वारीच्या पिठासाठी भारतीय दुकानात जावे लागेल, आणि कांदे-बटाटे सुपरमार्केटमधून घेतले तरी चालतील. कोणी नातेवाईक नावे ठेवू लागले, तर त्यांना शुक्रवारी रात्री जेवायला बोलवा.