वीस वर्षे खेळलो, म्हणून मैदान गावाचे होते का?

प्रश्न : आमच्या गावठाणालगतच्या मोकळ्या जागेवर पूर्वी भाताची खळी असत. आता तेथे होळी पेटते, देवीच्या जत्रेचे पाळणे लागतात आणि मुले रोज क्रिकेट खेळतात. तेथे अलीकडे भूखंडविक्रीचा फलक लागला आहे. इंग्लंडमधला माझा पुतण्या म्हणतो की, तिकडे वीस वर्षे वापरलेली जागा गावाचे मैदान म्हणून नोंदवून घेता येते. आपल्याकडे तसे करता येईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : पुतण्या सांगतो ती तरतूद इंग्लंडच्या 2006 च्या कॉमन्स अ‍ॅक्टमध्ये, कलम 15 मध्ये आहे. स्थानिक रहिवाशांनी 20 वर्षे जोरजबरदस्ती न करता, उघडपणे आणि कोणाची परवानगी न घेता जागा खेळ-करमणुकीसाठी वापरलेली असावी लागते. मात्र नगरपालिकेने कायद्यानेच लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या मैदानावर लोक मुळात परवानगीने येतात, म्हणून त्याची अशी नोंदणी होत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बार्कस खटल्यात ठरवले.

आपल्याकडे अशी नोंदणी नाही. गावाचा रूढीने चालत आलेला हक्क दिवाणी न्यायालयात सिद्ध करता येतो, पण तो मार्ग लांबचा आणि पुराव्याच्या दृष्टीने अवघड आहे. म्हणून आधी जुने सातबारा आणि फेरफार काढावेत. जागा गुरचरण किंवा गावाच्या अन्य सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवल्याची नोंद सापडली, तर अशा राखीव जमिनींविषयीचे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 22 आणि गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगणारा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंग निकाल तुमच्या बाजूने मांडता येईल. अर्थात नवी मुंबईत शहर वसवताना गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यामुळे केवळ जुन्या नोंदीवर विसंबणे धोक्याचे आहे.

माझ्या मते तुमचा खरा आधार विकास आराखडा, म्हणजे शहरातली कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा, आहे. त्या भूखंडावर मैदानाचे आरक्षण असेल, तर ते बदलण्यासाठी नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. घणसोलीत शासकीय क्रीडासंकुलासाठी राखलेली 20 एकर जागा सोडून ते रायगड जिल्ह्यात नेण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये रद्द केला, हे तुम्हाला जवळचे उदाहरण आहे. आराखड्याच्या त्या भागाची प्रमाणित प्रत आजच मागा आणि भूखंडाचे वाटप होण्यापूर्वी लेखी हरकत देऊन तिची पोच घ्या, कारण एकदा खरेदीदाराचा हक्क निर्माण झाला की लढाई फार कठीण होते.