विहिरीपासून सुरुवात

प्रश्न : सातवीच्या मुलांना प्रणाली-विचार (गोष्टी सुट्या न पाहता त्यांचे एकमेकींवर होणारे परिणाम पाहणे) शिकवावा, असे प्रशिक्षणात सांगितले, पण वेगळा तास नसताना तो कसा शिकवावा? – एक शिक्षिका

उत्तर : भूगोलाच्या तासाला गावातली विहीर पुरेशी आहे. फळ्यावर विहीर काढून आत येणारा झिरपा आणि बाहेर जाणारा उपसा दाखवावा. पातळी उतरली की एक शेतकरी बोअर खोल करतो, त्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटते आणि तोही खोल जातो, हे चक्र बाणांनी जोडताना मुले ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न सोडून देतात (निदान थोडा वेळ तरी!). पुढे पाणी-नियोजनासाठी ओळखले जाणारे हिवरे बाजार हे गाव घ्यावे : तेथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावरून पिके ठरवतात आणि सिंचनासाठी बोअरला बंदी आहे. ही बंदी कोणता बाण तोडते, ते मुलांनाच शोधू द्यावे. तयार आकृती उतरवून घेणे व्यर्थ आहे.