तू कुणाच्या बाजूचा, असं विचारलं तर

लेकरा, पक्षी पाहायला दुर्बीण घेतलीस, छान केलंस. आता लवकरच कुणीतरी विचारेल, तू कॅमेरेवाल्यांचा की नोंदीवाल्यांचा? हसून टाळ. जायकवाडीच्या उथळ पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) चरत असतात अन् काठावर आपली मंडळी ‘थव्याजवळ कोण गेलं’ म्हणून हमरीतुमरीवर येतात. थवा उडवू नये हे खरंच, पण तेवढ्यावरून माणूस तोडायचा नसतो.

खरी आग शिकारीवरून लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आली, योग्यच झालं. पण कुठं काळवीट मेलं की पुराव्याआधी पारध्याकडे बोट जातं. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र लोकांच्या डोक्यात तसाच आहे. असं बोलणारा आपल्या गटातला असला तरी तिथंच अडव. तित्तर कुठल्या बांधाला बसतं, हे पारधी आजोबांना आपल्या पुस्तकांपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांच्याशेजारी बसून शिक.

शेतकऱ्यालाही ‘निसर्गाचा वैरी’ म्हणू नकोस. हरणांच्या कळपानं एका रात्रीत हरभऱ्याचे शेंडे खाल्ले तर तो चिडणारच. (शहरातून आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो.) त्याला उपदेश नको. नुकसानीचे फोटो काढून दे, वनरक्षकाला लगेच फोन लाव, पंचनाम्याला सोबत उभा राहा. पुढच्या वेळी कुणी फासे लावले तर पहिला फोन तोच तुला करेल.