राख करडी पडली म्हणून सिगार वाईट ठरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुबईहून नातेवाइकांनी रोबुस्तो या आकाराच्या २५ क्यूबन सिगारचा डबा आणला. तुम्ही तो महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलात. एक पेटवला तर कडू लागला, एका बाजूने जळत गेला आणि राख पांढरी न पडता करडी पडली. माल नकली आहे, की दर्जाच कमी?

एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सिगार बिघडतो तो तीन कारणांनी: साठवण, वळणाऱ्याचा हात किंवा पान. तपासायचंही याच क्रमाने. साठवण चुकलेली असताना पानाला नावं ठेवणं म्हणजे सादळलेली चकली खाऊन भाजणीला दोष देणं.

फ्रिजची हवा कोरडी असते. कोरडा सिगार भराभर जळतो, धूर तापतो आणि तापलेला धूर कडू लागतो. शिवाय शेजारच्या लसणाचा वास तंबाखू ओढून घेते. सिगारला ६५ ते ६९ टक्के आर्द्रता आणि १८ ते २० अंश तापमान मानवतं. तापमान २४ अंशांच्या वर बराच काळ राहिलं तर पानातल्या भुंगेऱ्याची अंडी फुटू शकतात. टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर तोच. घरी यासाठी घट्ट झाकणाचा, वास नसलेला डबा आणि ६५ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पुडी पुरते. मुंबईच्या पावसाळ्यात उलटी अडचण येते: उघडा राहिलेला सिगार फुगतो, ओढ घट्ट होते म्हणजे धूर ओढायला जोर लागतो, वरचं पान उकलतं.

आर्द्रतामापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यावर पाण्याचे काही थेंब टाका. मीठ ओल्या वाळूसारखं व्हावं, विरघळू नये. हे झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत ८ ते १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर तुमचा मापक ४ ने कमी दाखवतो, तेवढे पुढे मिळवत जा.

आता वळण. रोबुस्तो म्हणजे लांबी १२४ मिलिमीटर आणि जाडी ५०. जाडीचा हा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे साधारण २० मिलिमीटर. सिगार दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जा. सगळीकडे सारखाच दबून परत वर आला पाहिजे. एखादी जागा खड्यासारखी कडक लागली तर तिथे पान कोंबलंय, धूर अडणार. पोकळ लागली तर तिथे जास्त तापणार. सोनाराचा छोटा काटा असेल तर डब्यातले चार-पाच तोलून बघा. बाकीच्यांपेक्षा दीड-दोन ग्रॅमने जड असलेला बहुधा तुंबलेला निघतो.

तोंडात धरायच्या टोकावर पानाची टोपी असते, ती फक्त २ मिलिमीटर कापा. टोपीची शिवण ओलांडली की वरचं पान सुटतं. न पेटवता एक झुरका घ्या. शहाळ्याचं पाणी स्ट्रॉने ओढताना लागतो त्याहून किंचित जास्त जोर लागावा. पेटवताना गॅसचा लायटर वापरा, पेट्रोलचा किंवा मेणबत्ती नको. ज्योत टोकाला टेकवू नका, खालून अर्धा मिनिट फिरवत शेका. टोक सगळीकडून सारखं पेटलं नाही तर एका बाजूने जळणारच. तुमच्या बाबतीत हेही झालं असेल.

राखेचा रंग हा मातीतल्या खनिजांचा, विशेषतः मॅग्नेशियमचा खेळ आहे. क्यूबन सिगारची राख करडी असणं नेहमीचंच. बघायचं ते तिचं टिकणं. अखंड लांब पानांचा सिगार दोन-अडीच सेंटिमीटर राख सहज धरतो. तुकड्यांचा असेल तर राख पापुद्र्यांनी गळते. राख झाडल्यावर निखारा नीट बघा, त्याचा आकार शंकूसारखा हवा. लिहेरो हे झाडाच्या वरच्या भागातलं जाड, जोरकस पान सावकाश जळतं, म्हणून ते मधोमध ठेवतात. मध्ये खड्डा दिसला तर एक तर वळताना चूक झाली किंवा वरचं पान ओलं आहे.

पानाची परीक्षा यानंतर, आणि तीही पहिला तिसरा हिस्सा संपल्यावर. मिनिटाला एक झुरका पुरे. रोबुस्तो ४५ मिनिटं ते तासभर चालायला हवा. धूर छातीत ओढायचा नाही. तरीही तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, हे लक्षात असू द्या. तोंडातला थोडा धूर नाकावाटे सोडा. देवदार, कोको, चामडं, मिरी हे वास तिथेच वेगळे होतात. चांगल्या पानाची चव हिश्श्यागणिक बदलते आणि झुरका संपल्यावरही जिभेवर राहते. कडवट झाला तर दोन मिनिटं खाली ठेवा आणि सिगारमधून हलकेच उलटी फुंकर मारा. कडवटपणा गेला तर दोष वेगाचा, राहिला तर पानाचा संशय घ्या. अमोनियाचा झणका आला तर पान नीट आंबलेलं नाही किंवा सिगार फार कोवळा आहे. सहा महिने ठेवून बघा. रिकाम्या पोटी ओढू नका. गरगरायला लागलं तर गुळाचा खडा तोंडात टाका.

नकली मालाबद्दल: डबा उलटा करा. तळाशी लाकडात डागलेली अक्षरं असतात, नखाला जाणवतात. त्याखाली शाईने कारखान्याचं सांकेतिक नाव, महिना आणि वर्ष. महिने स्पॅनिशमध्ये असतात, जानेवारीला एने, ऑगस्टला आगो. कोहिबा या क्यूबन ब्रँडचा काचेच्या झाकणाचा डबा मात्र नकलीच. तसा डबा त्यांनी काढलेलाच नाही.

तर आधी डबा फ्रिजमधून बाहेर काढा आणि पुडीसकट तीन ते चार आठवडे बंद ठेवा. घाई करून जास्त ओलावा दिलात तर आतलं पान फुगून वरचं तडकेल. मग दोन सिगार, दोन वेगळ्या दिवशी, सावकाश ओढा. तळाची अक्षरं, ओढ, निखाऱ्याचा आकार आणि कडवटपणा कोणत्या हिश्श्यात आला एवढं लिहून पाठवा.